आमच्या चाचांचा हिशेब

आमच्या चाचांना जाऊन यंदाच्या जानेवारीत पाच वर्षं झाली. मरहूम माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की ‘ते फार दिलदार होते, सगळ्यांना हवेहवेसे होते’ असं लिहून आपण मोकळे होतो. चाचांच्या बाबतीत मला तसं लिहिता येणार नाही. दिलदार म्हणून त्यांची ख्याती नव्हती. उलट गावात त्यांना चिकटच समजत. ईदला प्रत्येकाला एकच जोड. हॉटेलातला चहा त्यांना फुकटचा खर्च वाटे. बोलणं तुटक, राग नाकावर. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, “गणितात कमी आहेत.”

तरीही त्यांचं नाव निघालं की आमच्या घरातल्या सहा बायकांचे डोळे भरून येतात. चाची, त्यांची मुलगी, माझ्या दोन फुफू, माझी अम्मी आणि मी. असं का, याचा मी या पाच वर्षांत पुष्कळ विचार केला. उत्तर साधं आहे. आम्हा प्रत्येकीचं जे होतं ते त्यांनी आमच्या हातात ठेवलं. न मागता ठेवलं आणि स्वतः जिवंत असताना ठेवलं.

तिकिटामागची बाकी

चाचा एसटीत कंडक्टर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. चाचांचा जन्म १९५० चा. त्यामुळे ‘मी एसटीपेक्षा दोन वर्षांनी लहान’ असं ते सांगायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेला हा बहुधा एकमेव विनोद. १९७२ साली ते नोकरीला लागले आणि २००८ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाले. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात झाली. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या बाजूच्या खेडोपाडीच्या गाड्यांवर.

तेव्हा तिकिटाचं यंत्र नव्हतं. रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या लावलेला ट्रे, हातात पंच आणि खांद्याला चामड्याची पिशवी. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे ‘बाकी २’, ‘बाकी ५’ असं लिहून देई. उतरताना ते तिकीट दाखवून पैसे घ्यायचे. ही पद्धत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. उतरायच्या गडबडीत कितीजण ही बाकी विसरून जात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

चाचा विसरू देत नसत. गाडी थांबली की ते दारात उभे राहून ओरडायचे, “बाकी कुणाची राहिलीय? बाकी घ्या!” तरी एखादा निघून गेला आणि तो ओळखीचा असला, तर त्याचं नाव खिशातल्या छोट्या वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या थांब्यावर त्याला हाक मारून पैसे द्यायचे. ज्याचा पत्ताच लागत नसे त्याचे पैसे वेबिलाबरोबर आगारात जमा. लोक हसायचे. आठ आण्यासाठी हा माणूस गाडी थांबवून हाका मारतो म्हणायचे. चाचा म्हणायचे, “आठ आणे लहान असतील, पण माझे नाहीत.”

त्यांच्या गाडीत घरच्या माणसाला सवलत नव्हती. मी दहा वर्षांची असताना त्यांच्या गाडीतून मिरजेला गेले होते. माझ्या मैत्रिणीला वाटलं, चाचाच कंडक्टर म्हटल्यावर हिला कसलं तिकीट! चाचांनी माझं अर्धं तिकीट फाडलं, पंच केलं, माझ्या हातात दिलं आणि स्वतःच्या खिशातले पैसे पिशवीत टाकले. ड्युटीवर निघताना आपल्याजवळची खाजगी रोकड किती हे कंडक्टरला आधीच लिहून द्यावं लागतं. ते लिहिताना चाचा माझ्या तिकिटाचे पैसेही मोजून ठेवत, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मुक्कामी गाडीवर असले की रात्र खेड्यात काढावी लागे. रमजानमध्ये एका गावी एका पाटलांच्या घरून पहाटे चार वाजता त्यांच्यासाठी गरम भाकरी आणि पिठलं यायचं. कित्येक वर्षं येत राहिलं. त्या घरात पुढे तीन मुलींची लग्नं झाली आणि तिन्ही लग्नांना चाचा आहेर घेऊन गेले. आमच्याकडच्या लग्नांत हात आखडता घेणारा हा माणूस तिथे भारी पातळ घेऊन जायचा, म्हणून चाची कुरकुर करायच्या. चाचा म्हणायचे, “भाकरी की बाकी है.”

चाचींची शिलाई मशीन

चाचांचा निकाह १९७५ साली झाला. मेहर ठरला एक हजार एक रुपये. उधार. आपल्याकडे बहुतेक निकाहांत तो उधारच असतो आणि पुष्कळ घरांत शेवटपर्यंत उधारच राहतो. शरीयतने मेहरला नवऱ्यावरचं कर्ज मानलं आहे. तो फेडायचा राहिला तर वाटणीच्या आधी त्याच्या मालमत्तेतून द्यावा लागतो. हे ठाऊक सगळ्यांना असतं. पण मेहरचा आकडा निकाहनाम्यात राहतो आणि निकाहनामा ट्रंकेत.

चाचांनी पगारातून दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले आणि १९८२ मध्ये, सात वर्षांनी, एक हजार एक रुपये चाचींच्या ओंजळीत ठेवले. चाची घाबरल्या. त्यांना वाटलं, नवरा आपल्याला सोडतोय की काय. कारण बाईच्या हातात मेहर पडतो तो तलाकच्या वेळी, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. रडत रडत त्या सासूकडे गेल्या. दादींनी मुलाला बोलावून विचारलं तेव्हा चाचा वैतागून म्हणाले, “अम्मा, देने का था सो दिया. इसमें रोने का क्या है?”

त्या पैशांतून चाचींनी शिलाई मशीन घेतली. उरलेल्यातून कानातल्या बाळ्या केल्या. मशीन पायाने चालवायची होती. तिची खडखड हा माझ्या लहानपणचा आवाज आहे. फ्रॉक, परकर, शाळेचे गणवेश, ईदच्या आधी रात्र रात्र जागून सलवार-कुडते. शिलाईचे पैसे चाचींच्या डब्यात जायचे. डबा कपाटात वरच्या फळीवर असे आणि त्याला कुलूप नसे. चाचांनी त्यात कधी हात घातलेला मी पाहिला नाही. कधी साखर संपली आणि चाची म्हणाल्या, ‘डब्यातून देते,’ तर ते म्हणायचे, “घर मेरे जिम्मे है. वो तेरा है.”

दोघांची भांडणं व्हायची नाहीत असं नाही. चाची शेजारणींना पैसे उसने देत आणि ते बुडत. चाचा चिडत. पण चिडून झालं की शेवटी म्हणत, “तेरे हैं, तू जाने.”

एकशे साठ गुंठे

आता मूळ गोष्टीकडे येते.

१९८६ च्या पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून माझे अब्बा गेले. मी आठ वर्षांची होते आणि भाऊ पाच वर्षांचा. दादा आणि चाचा आम्हाला सांभाळत होते. १९९३ मध्ये दादाही अचानक गेले. दादांची चार एकर जमीन होती, म्हणजे एकशे साठ गुंठे. वारस होते दादी, चाचा आणि दोन फुफू. दादांनी वसीयत केलेली नव्हती.

चाळीसावा झाल्यावर घरात बैठक बसली. दादींचे भाऊ आले होते, दोन्ही फुफूंचे मियाँ होते. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पंधरा वर्षांची, चहा देत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

पहिला मुद्दा फुफूंचा निघाला. एका नातेवाइकाचं म्हणणं, बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात. त्यांच्या लग्नात खर्च झाला आहे, दागिने दिले आहेत. शिवाय ते तालुक्याला कुणा वकिलाला विचारून आले होते. १९३७ च्या शरीयत कायद्यात वारसाच्या बाबतीत शेतजमीन वगळलेली आहे, असं त्यांना कळलं होतं. ते खरंही आहे. त्या कायद्यात शेतजमिनीचा अपवाद आहे. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा, की जमिनीत मुलींना देण्याची सक्ती नाही.

चाचा म्हणाले, “कायदे ने मेरे को छोडा. अल्लाह ने छोडा क्या?”

मग दुसरा मुद्दा निघाला, तो आमचा. बाप जिवंत असताना मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या वारशात हिस्सा येत नाही. याला महजूब होणं म्हणतात. अब्बा दादांच्या आधी गेले होते, म्हणून मी आणि माझा भाऊ वारसच नव्हतो. तेच नातेवाईक म्हणाले, “शरीयतप्रमाणे या मुलांना काही येत नाही. उगाच पुढे वाद नको, आत्ताच स्पष्ट झालेलं बरं.” अम्मी दारातून आत निघून गेली. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला हे लक्षात आहे.

चाचांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहायला सुरुवात केली. बैठकीच्या आधीच ते मौलवीसाहेबांना विचारून आले होते. दादींचा आठवा हिस्सा, वीस गुंठे. राहिले एकशे चाळीस. त्यात मुलाला दोन वाटे, प्रत्येक मुलीला एक. म्हणजे चाचांना सत्तर आणि फुफूंना पस्तीस-पस्तीस. हिशेब वाचून दाखवून ते म्हणाले, “हे अल्लाहने ठरवलेलं. यात माझी मेहेरबानी नाही.”

मोठी फुफू रडायला लागली. म्हणाली, “भाई, मेरे को नको. हिस्सा लिया तो मायका टूटता.” वाचक भगिनींनो, ही भीती तुमच्यापैकी अनेकींना ओळखीची असेल. हिस्सा मागितलेल्या बहिणीला ईदला बोलावणं येत नाही, बाळंतपणाला कुणी विचारत नाही, हे गावोगाव पाहिलेलं असतं. म्हणून बायका सही करून टाकतात आणि त्याला ‘राजीखुशी’ म्हणतात.

चाचांनी तिला सांगितलं, “हिस्सा लेने से जो टूटता वो मायका च नहीं था. पहले हाथ में ले. बाद में किसको देना तो दे.”

मग ते आमच्या विषयाकडे वळले. “शरीयत में इन बच्चों का हक नहीं, ये सच है,” ते म्हणाले, “पन देने को मना बी नहीं है.” वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातेवाईक, यतीम आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून काही द्यावं, अशी शिकवण सूरह निसामध्ये आहे. चाचांनी ती आयत सांगितली नाही, त्यांना ती पाठ असेल असं मला वाटत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की माझ्या सत्तरमधले निम्मे भाईच्या मुलांचे.

कॅलेंडरच्या पानावरचा हिशेब शेवटी असा झाला. दादी वीस. मोठी फुफू पस्तीस, धाकटी फुफू पस्तीस, आम्ही दोघं पस्तीस आणि चाचा पस्तीस. त्या दिवशी घरात असेही लोक होते, जे चाचांना एकशे चाळीस गुंठे मिळवून द्यायला निघाले होते.

आज चाळिशी उलटल्यावर मला त्या बैठकीतली एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बहिणींच्या बाबतीत सरकारी कायद्याने त्यांना सूट दिली, तेव्हा त्यांनी शरीयत धरली. आमच्या बाबतीत शरीयतने सूट दिली, तेव्हा त्यांनी मरहूम भावाची याद धरली. माणसं बहुतेक वेळा याच्या उलट वागतात. जिथे सुटका मिळते तो कायदा आपल्याला आपला वाटतो.

फुफूंची नावं फेरफारात लागेपर्यंत चाचा तलाठ्याकडे किती फेऱ्या मारत होते, ते मोजलं नाही. रजेचे दिवस त्यात गेले. मग एका रविवारी ते अम्मीला, मला आणि भावाला शेतावर घेऊन गेले. बरोबर दोन साक्षीदार होते. मोजणी करून पस्तीस गुंठ्यांच्या चारी कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड रोवले होते. हिबा पुरा व्हायला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि प्रत्यक्ष ताबा देणं. तोंडी हिबाही चालतो, पण चाचांनी साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागद केला. आमच्या वतीने अम्मी ‘कबूल’ म्हणाली, तरी चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, “कबूल है?” मी लाजले. मला वाटायचं हा प्रश्न फक्त निकाहात विचारतात.

आणखी एक. त्या पस्तीस गुंठ्यांत त्यांनी भावाला दोन वाटे आणि मला एक असं केलं नाही. म्हणाले, “वारसा असता तर तसं झालं असतं. ही माझी भेट आहे. दोघांना सारखं.” म्हणून आज सातबाऱ्यावर माझं नाव आहे. साडेसतरा गुंठे.

मुलाचा प्रश्न

हे सगळं गोडीगुलाबीत पार पडलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

धाकट्या फुफूने १९९७ मध्ये आपले पस्तीस गुंठे विकले. तिच्या मियाँना दुकान टाकायचं होतं. घेणारा गावाबाहेरचा होता. दादांनी लावलेलं आंब्याचं झाड त्या तुकड्यात गेलं आणि पुढच्याच वर्षी तुटलं. चाचांना ते फार लागलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. पण फुफूला त्यांनी शब्दाने विचारलं नाही. चाची बोलायला लागल्या तेव्हा म्हणाले, “दिया था ना? दिया तो दिया.” त्या वर्षीही ईदच्या शेवया घेऊन ते तिच्या घरी गेले.

त्याहून अवघड प्रसंग त्यांच्या मुलाचा. माझा हा चुलतभाऊ मोटार रिवाइंडिंग शिकला होता आणि २००५ मध्ये त्याला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. भांडवल नव्हतं. एका रात्री जेवताना तो बोलून गेला, “तुम्ही पस्तीस गुंठे वाटले नसते तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती.” मी त्या दिवशी माहेरी आले होते, माझ्यासमोरच बोलला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चाचांनी घास ठेवला. आम्हाला वाटलं, आता भडकणार. पण ते शांतपणे म्हणाले, “ती जमीन तुझी नव्हती. माझी होती. माझी होती तेव्हा दिली. तू मागतोस ते मी तुला कमवून देतो.” त्यांनी कर्मचाऱ्यांच्या सहकारी बँकेतून कर्ज काढलं आणि वर्कशॉप उभं राहिलं. नोकरीची तीन वर्षं उरली होती. कर्जाचे हप्ते पगारातून कापले जात होते. त्या तीन वर्षांत त्यांनी एकही नवा सदरा शिवला नाही. निवृत्तीनंतर एसटीवाल्यांना मिळते ती ईपीएस-९५ ची तुटपुंजी पेन्शन. तीत भागवताना ते शेवटपर्यंत सायकलवर फिरले.

मुलीलाही त्यांनी तोलून-मापून दिलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. नातेवाइकांना रात्रपाळीची नोकरी पसंत नव्हती. चाचा म्हणाले, “मैं बी रात को मुक्काम पे रहता था. मेरे को किसने पूछा?” आज ती एका रुग्णालयात सिस्टर आहे.

शेवटचा हिशेब

जानेवारी २०१९ मध्ये, फजरच्या नमाजासाठी वुजू करताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधी चाचा गेले. वय एकोणसत्तर.

आमच्या भागात मय्यत उचलण्याआधी एक रीत आहे. म्हाताऱ्या बायका विधवेला मय्यतीजवळ आणतात आणि म्हणतात, ‘मेहर माफ कर.’ ती बिचारी रडत असते, काय म्हणतोय हेही तिला कळत नसतं, ती मान हलवते. चाळीस-पन्नास वर्षांचं कर्ज त्या एका मानेवर फिटतं. चाचींनाही तसं आणलं. त्यांनी डोळे पुसले आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “क्या माफ करूं? उनो तो कबका दे डाले. मैं उसकी मशीन बी घिसा डाली.” त्या खोलीत त्या वेळी हसू येणं शक्य नव्हतं, पण दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. आणि मी पाहिलं, की भिंतीला टेकून बसलेल्या एक-दोन बायका गप्प होऊन खाली बघत होत्या.

जनाज्याच्या नमाजाआधी चुलतभाऊ पुढे आला आणि म्हणाला, “माझ्या अब्बांवर कुणाचं काही देणं असेल तर मला सांगा, ते मी फेडीन.” बोलताना त्याचा आवाज फाटला, असं माझ्या भावाने नंतर सांगितलं. कुणी पुढे आलं नाही.

तदफीननंतर चौथ्या दिवशी चाचांच्या वह्या काढल्या. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि ती वारस नसलेल्यांना एक तृतीयांशापर्यंतच, आणि त्यानंतर वारसांची वाटणी, असा क्रम आहे. म्हणून आधी देणं पाहायचं होतं. वह्या वाचायला मला बसवलं. चाचा आकडे मराठीत लिहीत आणि माणसांची नावं उर्दूत, म्हणजे गाडीत कुणाच्या हातात वही पडली तरी कुणाचं देणं-घेणं उघडं पडू नये. मुलं मराठी शाळेत शिकलेली, घरात उर्दू सराईतपणे वाचणारी मीच.

देण्याच्या पानावर एकच रक्कम होती, किराणा दुकानाचे तीनशे चाळीस रुपये. त्याच संध्याकाळी दिले. येण्याच्या पानावर नऊ नावं होती आणि नवांवरही त्यांच्याच हाताने रेघ मारलेली, पुढे ‘माफ’ आणि तारीख. चिकट म्हणून ज्यांना आम्ही चिडवायचो त्या माणसाने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या नवांपैकी एकजण आठवड्याने पैसे घेऊन आला. चुलतभावाने त्याला ती ओळ दाखवली. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली.

मग एका जुन्या वहीत मला माझं नाव सापडलं. १९९९ चं पान. चाचींच्या नावापुढे ‘उसने ६,०००’ आणि कारणाच्या जागी, ‘भतीजी की बी.एड. की फीस’. खाली दरमहा अडीचशे रुपयांप्रमाणे चोवीस हप्ते, प्रत्येकासमोर चाचींची उर्दूतली वेडीवाकडी सही. शेवटचा हप्ता २००१ चा.

कोल्हापूरला बी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा जमिनीच्या उत्पन्नातून अम्मीने अर्धी फी जमवली होती आणि उरलेली चाचांनी भरली होती, इतकंच मला माहीत होतं. ती चाचींच्या डब्यातून आली होती हे घरात कुणी बोललं नव्हतं. मी चाचींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मैं बोली वापस नको, अपनीच बच्ची है. उनो बोले, बच्ची अपनी है, पैसा तेरा है.”

ती वही मी मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे.

चाचांच्या जमिनीची वाटणी त्यानंतर महिन्याभरात झाली. चाचींचा आठवा हिस्सा, मग मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. चुलतबहिणीसमोर हक्कसोडपत्राचा कागद कुणी ठेवला नाही. तलाठ्याकडे नावं लावायला तिचा भाऊच गेला. ज्या मुलाने कधीकाळी पस्तीस गुंठ्यांसाठी बापाला बोल लावला होता, त्याने बहिणीचा वाटा चुना लावलेल्या दगडांनी मोजून दिला. त्याला तसं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असतात ज्यांचे वडील आजोबांच्या आधी गेलेले असतात. त्यांच्या आया पालकसभेला येतात तेव्हा कधी कधी विषय निघतो. इजिप्तने १९४६ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये कायदा करून अशा नातवंडांची सोय केली. आपल्याकडे तशी तरतूद नाही. पण आजोबा जिवंत असताना एक तृतीयांशाच्या आत नातवंडांच्या नावे वसीयत करू शकतात, हयातीत हिबा करू शकतात आणि चाचा आपल्या वाट्यातून देऊ शकतात. हे तिन्ही रस्ते शरीयतने उघडे ठेवले आहेत. मी त्या आयांना हे सांगते आणि शक्य असेल तर आजोबांना शाळेत घेऊन या म्हणते. काही आजोबा येतात. एक-दोघांनी कागदही केले.

माझ्या साडेसतरा गुंठ्यांत यंदा भावाने हळद लावली आहे. मोठं उत्पन्न नाही, पण ते पैसे माझ्या खात्यात येतात आणि माझे मियाँ त्यांची चौकशी करत नाहीत. निकाहाच्या आधी चाचांनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी समजावलं होतं. काय, ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.

अल्लाह तआला चाचांची मगफिरत फरमावो, त्यांची कबर रोशन करो आणि आपल्या घराघरांत राहून गेलेली बाकी हयातीतच फेडण्याची आपल्या सर्वांना तौफीक देवो. आमीन.